मांडीवरचा की मेजावरचा

२ जानेवारी

कॉम्प्युटर मेला. अकरा वर्षं चालला. आज सकाळी एका नवरदेवाच्या नाकावरचा घाम पुसत असताना काळा पडला तो पडलाच. बसवकल्याणहून जगदेवप्पा मेकॅनिकला बोलावलं. त्यानं मागचं झाकण काढलं, आत फुंकर मारली आणि मान हलवली. "मदरबोर्ड गेला, अक्का." फुंकर मारून निदान करणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच बघितला.

हात रिकामा राहिला की माझं डोकं बिघडतं, म्हणून ही वही काढली.

अप्पांनी हुलसूरला स्टुडिओ टाकला तेव्हा मी दहा वर्षांची होते. निगेटिव्हवर शिसपेन्सिलीनं सुरकुत्या घालवायला त्यांनी शिकवलं. कॉम्प्युटर मी पस्तिशीत स्वतःच शिकले. मधे एकदा नांदायला गेले होते, सहा महिन्यांत परत आले. त्या घरात एकाचंही तोंड फोटो काढण्यासारखं नव्हतं. आता फोटो गुरुबसव काढतो आणि मी ते माणसात आणते. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान भाऊ, चव्वेचाळीसचा झाला, तरी उजेड कुठून येतो ते त्याला अजून कळत नाही. बटण तेवढं कळतं.

संध्याकाळी म्हणाला, "अक्का, या खेपी लॅपटॉप घेऊ."

"कामून?"

"कुठंबी नेता येतोय."

"कुठं न्यायचाय तुला?"

त्याची बायको मंजुश्री दारात उभी होती. तिनं त्याच्याकडं बघितलं, त्यानं तिच्याकडं बघितलं. नवरा-बायकोची दोन डोकी मिळून एक उत्तर तयार होत नाही, असं हे घर.

फोटोचं काम मेजावर होतं. समोर मोठा पडदा, पाठ ताठ, हात टेकलेला. मांडीवर मूल घ्यावं, फार तर मांजर घ्यावं. लग्न लावून दिलेल्या माणसांची तोंडं मांडीवर घेऊन कोण बसतं?

६ जानेवारी

नौबादला जाऊन आलो. बिदरचं हे टोक, तिथं एक मोठं दुकान आहे असं गुरुबसव म्हणाला. मोठं म्हणजे काचा मोठ्या. विकणारा पन्नाशीचा माणूस, नाव श्रीमंत. नावाखेरीज त्या माणसात श्रीमंतीचं काहीही नव्हतं, शब्दसुद्धा पाच-सहाच होते आणि तेच तो फिरवून फिरवून वापरत होता. रॅम, कार्ड, आयफाइव्ह, ऑफर.

"म्याडम, काम काय हाय तुमचं?"

"फोटोंचे रंग. मला आधी पांढरा दाखवा."

तो गोंधळला. "पांढरा लॅपटॉप?"

"पांढरा रंग. पडद्यावर. कोरं पान उघडा."

त्यानं उघडलं. मी म्हटलं, हे तूप आहे. दुसरा उघडला. हे ताक. तिसरा तर सरळ सरळ आदल्या दिवशीचा भात. असे पाच लॅपटॉप झाले. मग मेजावरचे चार मॉनिटर बघितले. मला वाटलं होतं तिथं तरी जीव असेल. ते लॅपटॉपपेक्षा मोठे, म्हणजे तूप जास्त, एवढंच.

"म्याडम, ह्यापेक्षा पांढरं मिळत न्हाई हो बाजारात," श्रीमंत म्हणाला. "कंपनीवाल्यानं मशीन लावून सेट केलंय."

"मग मशीनलाच विका."

तिथल्या ट्यूबलाइटींभोवतीसुद्धा वलयं होती, कॅलेंडरातल्या देवांच्या डोक्यामागं असतात तशी. दुकानात धूप लावत असणार. धुरात रंग बघायला लावतात आणि वर म्हणे मशीननं सेट केलंय.

गुरुबसवचा काही उपयोग झाला नाही. मी एकेक पडदा दाखवत होते आणि तो पडद्याकडं न बघता माझ्याकडं बघत होता. बाहेर आल्यावर रस्ता ओलांडताना त्यानं माझा दंड धरला. मी झटकला. मी काय म्हातारी आहे?

काहीही न घेता परत आलो.

८ जानेवारी

लग्नाची तिथी थांबत नाही. म्हणून गुरुबसवनं भालकीच्या राम नावाच्या मित्राचा लॅपटॉप महिना-दोन महिन्यांसाठी मागून आणला. विकत घेता येईना तर उसना आणला. शेवटी आपलं तेच खरं करायचं, ही या घरातल्या गरीब गाईंची जुनी खोड.

१२ जानेवारी

चार दिवस हा लॅपटॉप वापरते आहे. पडदा शाळेच्या पाटीएवढा. मान जरा खाली केली की तोंड काळं, वर केली की पांढरं. माणूस तोच आणि फोटो तोच. ज्या वस्तूला स्वतःचं मत नाही त्या वस्तूवर मी काम कसं करायचं?

अक्षरं मुंगीएवढी होती. काल बघते तर मोठी झालेली. मंजुश्रीनं केली.

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"तुम्ही लई जवळून बघायलाव म्हणून केलं, अक्का."

"मी जवळून बघते कारण मी काम करते. लांबून बघतात ते प्रेक्षक."

ही औरादकडची, बी.ए. झालेली. घरात बसून बायकांच्या साड्यांना फॉल लावते. दोऱ्याचा रंग कापडाशी जुळवायचा, एवढी तिची कला. गावातल्या बायका म्हणतात की मंजुश्रीच्या हातचा दोरा साडीत दिसतच नाही. न दिसणं हेच जिचं मोठेपण, तिच्याकडून अजून काय अपेक्षा करायची! चहा आणते आणि ठेवून निघून जायचं सोडून माझ्या खुर्चीमागं उभी राहते. चार वर्षांपासून उभी राहते आहे. परवा मी तिला एका साडीसाठी डब्यातलं रीळ काढून दिलं, म्हटलं हे बघ, डोळे मिटूनसुद्धा जुळवता येतं. तिनं "व्हय" म्हटलं. थोड्या वेळानं बघते तर तिच्या सुईत दुसराच दोरा. अडाणी ते अडाणी, वर हट्टी.

१९ जानेवारी

संक्रांतीला दोघं औरादला तिच्या माहेरी गेले ते आज आले. चार दिवस घर माझं होतं. काम झरझर झालं. एरवी माझं काम झालं की फोटो बिदरच्या लॅबला गुरुबसव पाठवतो. या खेपी मीच पाठवले. बटण दाबायचं असतं. तेवढ्यासाठी तो एक दिवस घेतो.

त्यात शरणम्माचा फोटो होता. जवळच्याच वस्तीवरची, साठीची बाई. तिचा नवरा काशप्पा दिवाळीनंतर गेला. त्याचा एकटा असा फोटोच नव्हता. पुतण्याच्या लग्नातला घोळक्यातला एक तिनं आणून दिला. मी त्यातून काशप्पाला बाहेर काढला, शेजारच्याचा खांदा पुसला, फेटा नीट केला, कपाळावरचे विभूतीचे तीन पट्टे स्वच्छ केले. दोन दिवस लागले. फ्रेम करून ठेवली.

आज ती न्यायला आली. फ्रेम हातात घेतली, उजेडाला धरली आणि खाली ठेवली.

"इवरु नम्मवरल्ल," म्हणाली. मग मला कन्नड कळत नाही असं वाटलं की काय, मराठीतून म्हणाली, "हे आमचे न्हाईत."

"तुमचेच आहेत. फोटो तुम्हीच दिलाय."

"विभूती निळी कामून हाय?"

"विभूती पांढरीच आहे, बाई."

"ओठबी निळे. मेल्यावानी दिसायलेत."

मी म्हटलं, "मग? जिवंत माणसाचा फोटो मागितला होता का तुम्ही?"

तिनं पदर तोंडाला लावला आणि फ्रेम तिथंच टाकून गेली. लोकांना आपलं माणूस जिवंत असताना कधी नीट बघायचं नसतं. मेल्यावर मात्र त्याचा रंग काय होता हे फोटोवाल्याला सांगायला येतात.

गुरुबसव तेव्हाच पिशव्या घेऊन दारात शिरला होता. त्यानं सगळं ऐकलं. फ्रेम उचलून बघितली आणि मला विचारलं, "हे तू डायरेक्ट पाठवलंस व्हय, अक्का?"

"का? तुझी परवानगी लागते?"

"न्हाई," म्हणाला आणि फ्रेम उलटी करून कपाटावर ठेवली.

२० जानेवारी

शरणम्माचं वाक्य डोक्यातून जात नाही, याचा मला राग आला आहे. अल्बम घेऊन जाणारं प्रत्येक घर आमच्या रंगांची तारीफ करतं. बसवकल्याण सोडून लोक इथं येतात. आणि वस्तीवरची एक बाई म्हणे, निळं.

२६ जानेवारी

मला कळायला लागलं आहे. दुपारी जेवून मी दोन ते चार आडवी होते. त्या वेळात लॅपटॉप स्टुडिओतून आत, त्यांच्या खोलीत जातो. चारला उठते तेव्हा जागेवर असतो, पण खालून गरम. आज मुद्दाम हात लावून बघितला.

दार लोटून दोघं कुजबुजतात. मी गेले की मंजुश्री फॉलची साडी हातात घेते. म्हणून हवा आहे लॅपटॉप! मेजावरचा कॉम्प्युटर उचलून नेता येत नाही. मांडीवरचा पिशवीत टाकला, बायकोला गाडीवर मागं बसवलं की झालं. भालकीला नाही तर बसवकल्याणला गाळा घेतला असेल. राम आहेच मदतीला.

जाऊ देत. अप्पांनी लावलेली पाटी माझ्या नावावर आहे. तो फोटो काढेल आणि त्याला माणसात कोण आणेल? ही? दोरेवाली?

आज चहा कपातून सांडला. कप बशीच्या बाहेर ठेवला गेला. बशीच वाकडी ठेवली होती तिनं.

३० जानेवारी

लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

आज दुपारी मी झोपले नाही. नुसती पडून राहिले. दोघं शेतातल्या हुरड्याला कुणाकडं तरी गेले होते, लॅपटॉप त्यांच्या खाटेवर होता. मी उघडला. मी कधी न उघडलेल्या एका कप्प्यात आमची सगळी कामं. प्रत्येक लग्नाच्या नावाखाली दोन कप्पे. एकाचं नाव "अक्काचं". दुसऱ्याचं नाव "द्यायचं".

"अक्काचं" म्हणजे मी केलेलं. "द्यायचं" उघडलं. तेच फोटो, तीच माझी सफाई, पण सगळी माणसं पिवळी. हळदीत बुडवून काढल्यासारखी. एक नाही, दोन नाही, जुन्या कॉम्प्युटरवरून आणलेली दोन वर्षांपूर्वीची लग्नंसुद्धा. म्हणजे दोन वर्षं लोकांच्या हातात गेलेला एकही फोटो माझा नव्हता.

दोघं आल्यावर मी लॅपटॉप त्यांच्यापुढं आपटला. "हे काय आहे?"

गुरुबसवनं मान खाली घातली. मोठा झाला तरी लहानपणी शाळेची पाटी फुटल्यावर उभा राहायचा तसाच उभा राहतो.

मंजुश्री बोलली. "अक्का, तुमचं काम लई बारीक हाय. तसं मला जन्मात जमायचं न्हाई. पण रंग निळा यायलाय. दोन वर्षं झाली. मी नुसता रंग मागं ओढतेय, दुसऱ्या कशाला हात लावत न्हाई."

"आणि मला न सांगता?"

"सांगून तुम्ही ऐकलं असतं व्हय?"

"मी चाळीस वर्षं हे काम करते. तू फॉल लावतेस!"

"व्हय," ती म्हणाली, आणि आत जाऊन दोन रिळं घेऊन आली. हातात ठेवली. "ह्यातला पांढरा कोणता, अक्का?"

मी बघितलं. दोन्ही पांढरी. दारात जाऊन उन्हात धरली. तरी दोन्ही पांढरी. म्हटलं, "दोन्ही एकच आहेत. मला फसवायचं बघतेस?"

गुरुबसव उठून बाहेर गेला. मंजुश्रीनं रिळं परत घेतली. एकावरची छापील चिठ्ठी मला दाखवली. तिच्यावर लिहिलं होतं, लिंबू.

"डोळे दाखवून या, अक्का. मी हात जोडते."

"तुमचा गाळा कुठं आहे ते सांग आधी," मी म्हटलं. "भालकीला की कल्याणला?"

तिला कळेचना. खरंच कळलं नाही की नाटक, सांगता येत नाही. "कसला गाळा?" म्हणाली. "दुपारी तुम्ही झोपता तवाच काम करावं लागतंय. तुमच्यासमोर कसं करावं? लॅपटॉप असला तर आत नेता येतो, म्हणून ह्यांनी हट्ट धरला. दुसरं काय?"

मी जेवले नाही. चिठ्ठी कुणीही चिकटवू शकतं.

४ फेब्रुवारी

पाच दिवस कुणाशी बोलले नाही. चिठ्ठी कुणीही चिकटवू शकतं, हे खरं. पण तिनं ती का चिकटवावी?

८ फेब्रुवारी

नौबादला परत पडदे बघायला जाते असं सांगून एकटी बसनं बिदरला गेले आणि मैलूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात बसले. बसची पाटी दुसऱ्या बाईला वाचायला लावली. चष्मा विसरले म्हणाले. मी चष्मा लावतच नाही.

डॉक्टरीण म्हणजे कालची पोरगी. कानात डूल, हातात मेंदी. ही काय बघणार, म्हणून मी बाकावरून उठणारच होते, तेवढ्यात नाव पुकारलं. तिनं हनुवटी मशीनवर टेकवायला लावली, आत उजेड मारला, बराच वेळ बघितलं.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चांगलाच पिकलाय. दिव्याभोवती वलयं दिसतात?"

"दुकानात धूप लावतात," मी म्हटलं.

"सगळीकडंच लावतात का?"

मी हनुवटी मशीनवरून काढली.

"भिंगच पिवळं-तपकिरी झालंय तुमचं. त्यातून पांढरं पांढरं दिसत नाही. काम काय करता?"

"फोटोंचे रंग सुधारते."

ती लिहीत होती, तिचं पेन थांबलं. हसेल असं वाटलं. हसली असती तर बरं झालं असतं. मी दोन शब्द सुनावून बाहेर पडले असते. तिनं फक्त विचारलं, "घरी कोण आहे तुमच्यासोबत?"

बसमध्ये हिशेब केला. दोन वर्षं. किती नवऱ्या मी निळ्या केल्या, आणि तितक्या सगळ्या त्या पोरीनं परत आणल्या. दुपारी दोन ते चार. त्या वेळात स्वतःच्या साड्या बाजूला ठेवून.

घरी आल्यावर मंजुश्रीनं विचारलं, "पडदा आवडला का कुठला?" तिला सगळं कळलं होतं, डोळ्यांत टाकलेलं औषध गालावर सुकलं होतं. मी म्हटलं, "उजव्या डोळ्याचं सतराला आहे. मग महिन्यानं डाव्याचं. गुरुबसवला सांग."

माझ्याकडून त्याला सांगवेना.

१८ फेब्रुवारी

आज सकाळी पट्टी काढली. दवाखान्याची भिंत पांढरी होती. एवढी पांढरी की मला वाटलं ऊन पडलं आहे. माझ्या अंगावरची साडी मी पाच वर्षं सायीच्या रंगाची समजत होते, ती नुसती पांढरी निघाली. उजवा डोळा झाकला की सगळं चहात बुडतं. डावा झाकला की धुऊन निघतं. बसल्या बसल्या किती वेळ हेच करत होते. शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं मी तिला डोळे मारते आहे.

गुरुबसव सुरकुतलेला दिसला. कानाजवळ पांढरे केस. मी त्याला असा बघितलाच नव्हता. त्याला म्हटलं, "म्हातारा झालास." तो रडायला लागला. सर्वांसमोर. याला लाज नाही.

घरी आल्यावर आधी कपाटावरची फ्रेम खाली काढायला लावली.

काशप्पा पाण्यातून काढल्यासारखा. ओठ जांभळे, विभूती आकाशी. नदीतून वर काढलेल्या माणसाला फेटा बांधून मी दोन दिवस त्याचं काम केलं होतं, आणि त्याची बायको ते मला सांगत होती तेव्हा मी तिला काय म्हटलं ते वर एकोणीस जानेवारीला लिहिलेलं आहे. पुन्हा लिहीत नाही.

६ मार्च

डॉक्टरिणीनं आता कामाला परवानगी दिली. धूळ नको म्हणून गुरुबसवनं मोटारसायकल काढली नाही, टमटम बोलावली. लॅपटॉप मांडीवर घेऊन मी शरणम्माच्या वस्तीवर गेले. काळा चष्मा लावून. लग्नातल्या बँडवाल्यासारखी दिसत होते.

ती अंगणात तूर पाखडत होती. उठली नाही, या म्हणाली नाही.

"फोटो आणलाय?"

"तो फोटो चुकला होता," मी म्हटलं. "डोळ्यांत मोतीबिंदू होता माझ्या. मला निळं दिसलं नाही."

"मला दिसलं होतं," ती म्हणाली.

"व्हय."

"तुम्ही काय बोललाव मला, ध्यानात हाय का?"

"हाय."

सूप दोनदा वर-खाली झालं. मला वाटलं, आता म्हणेल की जाऊ द्या. म्हणाली नाही. मला जे वाटत होतं ते तोंडातून काढणं मला कधी जमलेलं नाही, आजही जमलं नाही. मी ओसरीवर बसले, ज्वारीच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवला आणि उघडला. "मला त्यांचा रंग माहीत नाही. तुम्ही सांगा, मी करते."

तिनं उरलेली तूर पाखडली. मग सूप ठेवून आली आणि माझ्या मागं उभी राहिली. मी निळा मागं ओढला. पट्टे पांढरे झाले.

"विभूती बरोबर झाली," ती म्हणाली. "पण हे पाटलावानी दिसायलेत. आमचे उन्हातले."

मी तांबूस चढवला.

"इतके न्हाई. गाल काळे, पण फेट्याखालचं कपाळ उजळ. फेटा कधी काढायचे न्हाईत शेतात."

हे मला कोणत्या कॉम्प्युटरनं सांगितलं असतं? मी फेट्याच्या कडेला एक बोटभर कपाळ उजळ केलं. कान तिनं सांगितले तसे गडद केले. डोळ्यांच्या कोपऱ्यातला पांढरा भाग मी नेहमी स्वच्छ करते. ती म्हणाली, "तांबडे असू द्या. धुरानं व्हायचे." तो मळ मी परत घातला. चाळीस वर्षं जे पुसत आले ते हातानं लावलं.

मग थोडासा तांबूस अजून. केसभर.

मी विचारायला वळले. शरणम्मा पडद्याकडं बघत होती आणि तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला होता, घरधनी दारात आल्यावर बायका घेतात तसा. तिला स्वतःला ते कळलंही नसेल.

मी रंगाच्या पट्टीवरचा हात काढला.

निघताना तिनं चहा दिला. फोटो कधी मिळेल एवढं विचारलं. मी म्हटलं, सोमवारी, मी स्वतः आणून देते. "तुम्ही कशाला," ती म्हणाली, "कुणाच्याबी हाती पाठवा." ते मला लागलं. लागायलाच हवं होतं.

१४ मार्च

गुरुबसवला वाटलं, वस्तीवर लॅपटॉप कामाला आला, आता अक्का लॅपटॉपच म्हणणार. त्यानं नौबादच्या श्रीमंतला फोनसुद्धा लावला होता. मी म्हटलं, मेजावरचा घ्यायचा. मोठा पडदा.

"आता कामून, अक्का? लपून न्यायचं कारणच ऱ्हायलं न्हाई."

"म्हणूनच. मांडीवरच्या पडद्यासमोर एकच माणूस नीट बसतं. बाजूच्याला दुसराच रंग दिसतो. मला दोन माणसं बसतील असा हवा."

त्याला अर्थ कळायला थोडा वेळ लागला. या घराची ती जुनीच गती.

आज तो कॉम्प्युटर आला. रामचा लॅपटॉप परत गेला. श्रीमंत स्वतः तारा जोडायला आला आणि जाताना भीत भीत म्हणाला, "म्याडम, पांढरा बघून घ्या." मी बघितला. पांढरा होता. तसं त्याला सांगितलं नाही, नुसतं "चालेल" म्हटलं. एवढ्यानं तो मोठा झाला.

खुर्चीवर मंजुश्रीला बसवलं, मी बाजूला स्टुलावर. पहिलं काम एका मुंजीतल्या—नाही, अय्याचाराच्या फोटोचं. आमच्यात मुंज नसते, अय्याचार असतो, पण गिऱ्हाईक उदगीरकडचं, त्यांच्याशी बोलून बोलून माझ्याही तोंडात मुंजच बसली आहे. तिनं रंगाची पट्टी सरकवली. मी म्हटलं, "चुकलं. निळं ठेवलंस. पिवळं घाल."

तिनं घातलं नाही. "न्हाई अक्का, बरोबर हाय."

"मला आता दिसतं."

"तुमचा नवा डोळा निळं जास्त दाखवायलाय. डॉक्टर म्हणल्या होत्या न्हवं, काही दिवस असं होतंय म्हणून? आणि डावा पिवळं दाखवतोय. तुमचे दोन डोळे दोन बाजूला वढायलेत."

अशी बोलते ही. खुर्ची मिळून एक तास झाला नाही तर.

तिनं फोटो घरच्या प्रिंटरवर छापला, दारातल्या उन्हात धरला, शेजारी त्या मुलाचं उपरणं धरलं, गिऱ्हाइकानं नमुन्याला दिलेलं. कापड आणि कागद यांत फरक नव्हता. दोरा साडीत दिसत नाही म्हणतात, तसं.

तिचं बरोबर होतं. हे मी तिला सांगितलं नाही. इथं लिहून ठेवते.

१५ मार्च

सांगितलं. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "ठाऊक हाय की, अक्का."

उद्धट आहे.